सेक्शन फुटणार नाही

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होती. तिथे पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परतताना गिनती व्हायची. एक जरी माणूस कमी असला, तरी पेट्रोल परत आले असे कोणी म्हणत नसे.

हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यात राहायला आलो. गावी, एच. डी. कोट्याला, शिकवणाऱ्या मास्तरांमुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. ते ऋण डोक्यावर होते. शाळा सुटलेली, गॅरेजांपाशी रेंगाळणारी पोरे गोळा करून मी त्यांचे एक सेक्शन, फौजेतल्यासारखी छोटी तुकडी, उभे केले. गरडीचे, म्हणजे इथल्या कुस्तीच्या तालमीचे, उस्ताद चिक्कण्णा यांनी जागा दिली. विठ्ठल मंदिरातल्या शिंपी मंडळींनी चड्ड्या शिवून दिल्या. बदल्यात पोरे रोज सकाळी गरडीची लाल माती खणत, तेल-ताक घालून मऊ करत. मग पीटी.

एके दिवशी गॅरेजमधली मोटारसायकल चोरीला गेली. पोलिसांनी आमच्या नंदीशला उचलले. काहीच न सापडल्याने सोडले, पण मोहल्ल्यात बोभाटा झाला.

उस्ताद म्हणाले, "नोडी हवालदार, बघा, गरडीचे नाव जाते. नंदीशला काढा. बाकीचे राहू देत."

"सेक्शन फुटणार नाही."

"एकच तर पोरगा."

"म्हणूनच."

मी गरडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या सकाळी मंदिरासमोरच्या रस्त्यावर पोरांना रांगेत उभे करून फॉल-इन घेतला. शिंपी रुक्मांगदराव बाहेर आले. "इथं कवायत? रिक्षावाले अंगावर घालतील की हो."

"घालू देत."

"सुम्ने, उगाच हट्ट," म्हणत ते आत गेले, आणि कापड बेतायचे टेबल ओढत आणून रस्त्यात आडवे टाकले. रोज टाकू लागले.

दसऱ्याच्या कुस्त्या जवळ आल्या तेव्हा उस्ताद त्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "माती दगड झालीय. पैलवानांचे गुडघे फुटतात, पण फावडे कोणी धरत नाही. पोरांना आणा."

"कोणाकोणाला?"

त्यांनी नंदीशकडे पाहिले. "सगळ्यांना."

गरडीत शिरताना नंदीशने चिमूटभर माती कपाळाला लावली आणि फावडे उचलले.

त्या बर्फात, हिमकडा कोसळल्यावर, रेडिओवर विचारणा झाली होती. "पार्टी पूर्ण?" लान्स नायक मुद्दण्णाने उत्तर दिले, "एक कमी. मागे जातो. ओव्हर." त्याने मला उकरून बाहेर ढकलले. वरून दुसरा लोट आला. तो तिथेच राहिला.

आमच्या गिनतीत पहिले नाव मुद्दण्णाचे असते. 'हाजिर' सगळे मिळून म्हणतात.