म्युरिएलबाई आणि डावं वळण

आमच्या आस्कथॉर्पमध्ये मी बावीस वर्षं टपाल वाटलं. टपालवाल्याला गावातल्या माणसांची जाण्यायेण्याची वेळ पाठ असते. त्यामुळे सेड्रिक पीकॉकचं काहीतरी बिनसलंय, हे मला इतरांच्या आधी कळायला हवं होतं. पण ते कळलं म्युरिएल ऑल्डरसन यांना, आणि तेही स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून.

म्युरिएलबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आणि बोटं अशी की सुईत दोरा ओवताना बघत राहावं. वयाच्या सतराव्या वर्षी त्या ब्रॅडफर्डच्या एका कारखान्यात लागल्या. तिथे मोटारसायकलींच्या तारांच्या जुड्या बांधायचं काम होतं. लाकडी फळीवर खिळे ठोकलेले, त्या खिळ्यांमधून रंगीबेरंगी तारा फिरवायच्या आणि मेणाच्या दोऱ्याने गाठी मारायच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. कारखाना बंद पडल्यावर त्या गावी परतल्या, आणि येताना एक लहानशी हिरवी मोटारसायकल घेऊन आल्या. नवरा नव्हता, मांजर होतं.

सेड्रिक शाळेत त्यांच्याच वर्गातला. धंद्याने खाटीक, आता निवृत्त. आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबचा चिटणीस, शिवाय क्लबच्या मासिक पत्रकात 'विजेच्या तक्रारी आणि उपाय' हे सदर चालवणारा. एकोणीसशे बावन्न सालची काळी गाडी त्याच्याकडे होती. तिच्या टाकीवर तो रोज फडकं फिरवायचा.

एके सकाळी मी पत्रं द्यायला गेलो तर म्युरिएलबाईंनी मला आत बोलावून चहा दिला.

"डेनिस, एक सांग. सेड्रिक राहतो कुठे?"

"त्याच घरात. चर्चच्या अलीकडे."

"आणि गुत्ता?"

"त्याच्या दारातून डावीकडे. दोनशे पावलं असतील."

"मग तो रोज संध्याकाळी गाडीवरून माझ्या खिडकीखालून का जातो? या वाटेने गुत्ता पाच मैल लांब पडतो. बरं, जाताना रोज दिसतो, येताना एकदाही नाही."

मी म्हटलं, "हवा खायला जात असेल."

"दोन वर्षं हवाच खातोय?" असं म्हणून त्यांनी टेबलावर साखर सांडली आणि तिच्यात बोटाने रस्ते काढले. दारातून उजवीकडे, चर्चपाशी उजवीकडे, पुलापाशी उजवीकडे, त्यांच्या घरावरून पुढे परत उजवीकडे, आणि शेवटच्या उजव्या वळणानंतर गुत्ता. तिथून सरळ पुढे गेलं की त्याचं घर. तेही उजव्या हाताला.

"हा माणूस डावीकडे वळतच नाही," त्या म्हणाल्या. "का वळत नाही, ते आपण बघू."

दुपारी त्यांनी सेड्रिकला फाटकाशीच गाठलं आणि गाडीला काही झालंय का विचारलं. तो म्हणाला, "माझ्या गाडीला? अगं, सदर मी लिहितो." विषय तिथेच संपला.

जूनमध्ये क्लबची वार्षिक सहल असते. त्या वर्षी मार्ग आखायचं काम म्युरिएलबाईंनी स्वतःहून मागून घेतलं. त्यांचा नकाशा घरोघरी मीच वाटला. चौकातून निघायचं, प्रार्थनामंदिरापाशी डावीकडे, खाणीपाशी डावीकडे, धरणापाशी डावीकडे. सेड्रिकने माझ्या हातातून नकाशा घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा उलट्या दिशेने केला तर चालणार नाही का?"

"बाई म्हणतात, असाच सुंदर दिसतो."

सहलीच्या दिवशी तीस गाड्या निघाल्या. चिटणीस म्हणून सेड्रिक सगळ्यांत पुढे. प्रार्थनामंदिराच्या वळणावर वेग कमी झाला, त्याने हँडल डावीकडे वळवलं आणि गाडी खोकून बंद पडली. मागच्या एकोणतीस गाड्या एकामागून एक थांबल्या. भिंतीपलीकडच्या मेंढ्या चरायचं सोडून बघू लागल्या.

"पेट्रोल अडकलं असेल," सेड्रिक म्हणाला.

म्युरिएलबाई आपली हिरवी गाडी लावून पुढे आल्या. "प्लग बदललास?"

"तीनदा."

"बॅटरी?"

"नवी आहे."

"उजवीकडे वळताना कधी बंद पडली?"

सेड्रिकने कान खाजवला.

"शाळेतही गृहपाठ विसरलास की तू कान खाजवायचास. हो बाजूला."

त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत एक छोटा बल्ब, एक चपटी बॅटरी आणि दोन तारा. एवढंच त्यांचं सामान. त्या गुडघे टेकून बसल्या आणि ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोपासून एक बारीक तार त्यांनी सोडवली.

"ही तुझ्या हँडलवरच्या बटणाची तार. बटण दाबलं की ही फ्रेमला टेकते, ठिणगी मरते, इंजिन बंद. म्हणजे बटण न दाबताही ही कुठे फ्रेमला टेकली, तरी तेच होणार. पटतंय?"

"मी बटणाला हातही लावत नाही."

"तू नाही लावत रे. बघू कोण लावतंय."

त्यांनी त्या तारेला बॅटरी आणि बल्ब जोडला, दुसरं टोक फ्रेमला लावलं. बल्ब विझलेलाच. "हँडल उजवीकडे फिरव." काही नाही. "आता डावीकडे." बल्ब लख्ख पेटला.

लोक जवळ सरकले. "पुन्हा फिरव," कुणीतरी म्हणालं. डावीकडे पेटला, उजवीकडे विझला. मग प्रत्येकाला एकेकदा फिरवून बघायचं होतं, आणि त्यात दहा मिनिटं गेली.

टाकी उचलल्यावर सगळं दिसलं. हँडलच्या मानेपाशी ती तार पट्टीने इतकी करकचून आवळली होती की डावीकडे वळताना ती ताणली जायची. तिथलं आवरण सोलून आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि वळलं की फ्रेमला टेकत होतं.

"हे आवळलं कुणी?"

"मीच," सेड्रिक म्हणाला. "टाकी रंगवली तेव्हा. तार लोंबकळत होती."

"लोंबकळायलाच हवी. हँडल फिरतं, तर तारेला सैल जागा नको का?"

मग मागून प्लंबर ऑगस्टस फॉसेट पुढे आला. खिशातून घडी केलेलं क्लबचं पत्रक काढून त्याने वाचलं, "'हँडलपाशी तार सैल ठेवू नये. पट्टीने घट्ट आवळावी.' दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारीचा अंक." त्याने घसा खाकरला. "माझीही डावीकडे बंद पडते."

"माझी तर दोन्हीकडे," दुसरा एकजण म्हणाला.

हळूहळू पाच हात वर झाले. त्यातल्या एकाने तर गाडी विकायला काढली होती. दुसरा म्हणाला की डावं वळण टाळायला तो बायकोला डावा हात दुखतो असं सांगत आला होता, आणि तिने त्याला डॉक्टरकडेही नेलं होतं. त्यावर मात्र सगळे हसले. सेड्रिक सगळ्यांत शेवटी हसला, पण हसला.

म्युरिएलबाईंनी सहाही गाड्या तिथेच नीट केल्या. सोललेल्या जागी टेप, पट्टी सैल, दोन बोटं मावतील एवढी मोकळी तार. जेवायला पोहोचायला चार वाजले. चीज आणि फळांचा केक सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

पुढच्या पत्रकात सेड्रिकचं सदर अगदी लहान होतं. 'फेब्रुवारीतला सल्ला चुकीचा होता. यापुढे विजेचे प्रश्न म्युरिएल ऑल्डरसन यांना विचारावेत.' बाईंनी लिहायला साफ नकार दिला. गुरुवारी गाडी घेऊन या, एवढंच त्या म्हणाल्या. मग दर गुरुवारी त्यांच्या अंगणात रांग लागू लागली. सेड्रिक चहा करायचा आणि टॉर्च धरायचा. पकडीला हात लावायची परवानगी त्याला जानेवारीत मिळाली.

त्याचं पहिलं काम म्हणजे फॉसेटच्या गाडीचा हॉर्न जोडणं. दीड तास तो खाली वाकून होता. मग उठला, हात पुसले आणि ऐटीत बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही, मागचा लाल दिवा लागला.

"तरी काहीतरी लागलं ना," सेड्रिक म्हणाला.

म्युरिएलबाईंना हसू आवरेना. त्यांना उलट्या बादलीवर बसावं लागलं, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पहिल्या तारेपासून परत सुरुवात केली.