सुषमावहिनींचा परवाना

“सुषमा, कपाटाची किल्ली दे. आज एकतर ती बकरी राहील, नाहीतर मी.”

शरद ओरडत होता. इतक्या जोरात, की न्यूझीलंडमधल्या आमच्या पामर्स्टन नॉर्थच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या क्षणभर उलट्या फिरल्या. मी तिथेच होतो, डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या ग्रॅहमच्या बकरीने त्याचा मेथीचा अख्खा वाफा फस्त केला होता. शिकारीची बंदूक कपाटात आणि कपाटाची किल्ली सुषमावहिनींच्या कमरेला. पोळी लाटता लाटता वहिनी म्हणाल्या, “आधी चहा घे. राग उतरला की देते.” राग उतरेपर्यंत बकरी घरी जाऊन रवंथ करत बसलेली असे...

वहिनी गेल्याला महिना होऊन गेला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर दुसऱ्यांचं रक्त तपासलं, स्वतःचं कधी तापू दिलं नाही.

इथले बंदुकीचे कायदे कडक झाले, त्यानंतर शरदच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. तपासणीला अधिकारी घरी आला. किल्ली कुणाकडे, असं त्याने विचारताच आमचा वाघ छाती फुगवून म्हणाला, “बायकोकडे. आमच्यात सगळ्या किल्ल्या बायकोकडेच असतात.” अधिकाऱ्याचा चहा घशात अडकला. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती ती किल्ली चालतच नाही. नवऱ्याला परत करा, म्हणाला.

किल्ली शरदच्या खिशात गेली तर आज बकरी आणि उद्या ग्रॅहम, हे वहिनींना लख्ख दिसलं. किल्ली शरदच्या हातावर ठेवत त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, “मग मीच परवाना काढते.”

शरद महिनाभर हसत होता. वहिनी इरकली साडीवर गमबूट चढवून प्रशिक्षणाला गेल्या. शिकवणारा आडदांड गडी तिसऱ्या तासाला त्यांनाच शंका विचारू लागला होता म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पुढे घरी चौकशी झाली. इथे नवऱ्याला परवाना हवा तर बायकोला एकटीला बसवून विचारतात, आणि बायकोला हवा तर नवऱ्याला. परवाना आला आणि किल्ली पुन्हा कमरेला लागली.

त्या वर्षीच्या गणपतीच्या जेवणात इथल्या मराठी मंडळातले पुरुष बंदुकीवरून नेहमीसारखे हातघाईवर आले. अर्धे म्हणत बंदूक हा हक्क, अर्धे म्हणत सरसकट बंदी. शरद सोडला तर एकानेही दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलेलं नव्हतं. वहिनींनी मठ्ठ्याचं पातेलं खाली ठेवलं.

“परवाना कुणाकडे आहे रे तुमच्यात?”

शरदसकट सगळे भात कालवू लागले.

“माझ्याकडे आहे. आणि माझ्या मते नियम अजून कडक हवेत. मठ्ठा कुणाला?”

सगळ्यांनी निमूट वाट्या पुढे केल्या. पंचवीस वर्षांत मंडळात इतकी शांतता मी ऐकलेली नाही, श्रद्धांजलीच्या सभेतसुद्धा.

नंतर ही दोघं डोंगरात जात तेव्हा बंदूक वहिनींच्या खांद्यावर असे आणि डबा शरदच्या. हरणं वहिनींना ओळख दाखवून जात. शरदचा नवा परवाना मात्र कधी आलाच नाही. “ऑफिसवाले ढिले,” एवढंच तो सांगायचा. आम्ही समजत होतो, वहिनींनीच काहीतरी चावी फिरवली असणार.

परवा त्याच्याकडे बसलो होतो. विचारलं, “शऱ्या, वहिनींच्या चौकशीच्या वेळी त्या अधिकाऱ्याने तुला एकट्याला बसवलं होतं ना? काय सांगितलंस?”

तो म्हणाला, “म्हटलं, तिला द्या. माझा अर्ज मी मागे घेतो.”