मेंढरांमागे गेलेली थोरली

नवरा निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला आणि नशिराबादच्या एका गॅरेजमध्ये त्यातल्या सीटा काढून दोन पलंग, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. गेल्या डिसेंबरात आम्ही चार दिवसांसाठी निघालो. जळगावहून धुळे, पुढे साक्री, पिंपळनेर. आमच्या दोन्ही कुत्र्या बरोबर होत्याच. थोरली तांबडी, बारा वर्षांची, हल्ली तिला अजिबात ऐकू येत नाही. धाकटी काळी, नुसती धावपळ.

माझे मोठे दीर आणि जाऊबाई वरणगावहून येऊन आम्हाला मिळाले. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. भाऊजींना कुत्री आवडत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. पहिल्या दिवशी ते थोरलीला म्हणाले, "सरक गं म्हातारे, पाय ठेवायला तरी जागा दे." ती सरकली नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं. चार दिवस निभणार कसे, ही चिंता मला घरून निघाल्यापासूनच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुसुंब्याच्या पुढे एका लिंबाखाली चहाला थांबलो. चहा झाला, भांडी विसळून गाडीत ठेवली, निघालो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर अक्कांनी मागे वळून पाहिलं.

"थोरली कुठंय?"

पलंगाखाली नव्हती. मागे नव्हती. भाऊजींचा चेहरा उतरला. "दार मी लावलं," ते म्हणाले. "ती आत असेल असंच वाटलं. बघितलंच नाही मी."

नवऱ्यानं लगेच गाडी वळवली. हाक मारून उपयोग नव्हता. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते आणि मागून येणारा हॉर्न तिला कळणार नव्हता.

लिंबाखाली कोणी नव्हतं. गाडी पूर्ण थांबायच्या आत भाऊजी उतरले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिनासुद्धा टाळणारा हा माणूस बांधावरून भराभरा चालत कांदा लावणाऱ्या बायकांपर्यंत गेला. मी धापा टाकत मागे.

"तांबडी कुत्री दिसली का कुणाला?"

एक म्हातारी वाकल्या वाकल्याच म्हणाली, "तांबडी ना? गयी ती मेंढरंसना मांगे, नदीकडे."

पांझरेच्या बाजूला गाडीवाट उतरत होती. धुरळा दिसला, मग मेंढरं, मग सामान लादलेलं एक घोडं. आणि कळपाच्या शेवटी, दोन धनगरी कुत्र्यांच्या मधोमध, आमची थोरली शांतपणे चालली होती. जणू ती जन्मापासून याच कळपाबरोबर फिरत होती.

घोड्याजवळ चालणाऱ्या बाईनं आम्हाला पाहिलं. "तुमनी शे का?" ती थोरलीकडे बोट दाखवत म्हणाली. "म्हटलं, कोणी येईन ते येईन, नही ते राहू द्या."

माझ्या आधी भाऊजी पुढे झाले. मागून हात लावला तर ती दचकते, हे मी कधीतरी बोलले असेन. ते वळसा घालून तिच्या समोर गेले आणि धुरळ्यातच खाली बसले. थोरलीनं त्यांना हुंगलं, शेपटी हलवली. त्यांनी तिच्या मानेत तोंड खुपसलं. बराच वेळ उठले नाहीत. मी दुसरीकडे पाहत राहिले, कारण मला त्यांना रडताना बघायचं नव्हतं आणि माझं रडणं त्यांना दाखवायचं नव्हतं.

मेंढपाळ बाईला आम्ही डब्यातले सगळे लाडू दिले. तिनं एक थोरलीसमोर टाकला. नवरा गाडी घेऊन आला आणि पायरी चढायला त्यानं मला हात दिला.

पिंपळनेरला पोहोचेस्तोवर दुपार झाली होती. स्वयंपाकाचं कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं, म्हणून एका हॉटेलात शेवभाजी आणि भाकरी मागवली. मी दोन भाकऱ्या जेवले. भाऊजी थोरलीला शेजारी घेऊन बाहेर गाडीच्या पायरीवर बसून जेवत होते, कारण हॉटेलात कुत्र्यांना येऊ देत नव्हते.

अक्का खिडकीतून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. हे माझ्यासाठी बस धरायलासुद्धा कधी एवढे पळाले नाहीत हो!"

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.