लॅटिनमास्तरांचं प्रायश्चित्त

आमच्या लॅटिनमास्तरांकडे कुणी रडत आलं, की ते आधी त्याला बसायला पाट देत आणि मग विचारत, "वाईटात वाईट काय होईल, ते बोल." ठाण्याच्या शाळेत ते गणित शिकवीत, लॅटिनचं वेड त्यांचं स्वतःचं. जुने रोमन लोक येऊ शकणारी संकटं आधीच मनाशी मोजून ठेवत, म्हणून त्यांना भीती वाटत नसे, असं ते सांगत. एकदा कल्याणच्या खाडीत आमचा पडाव हेलकावे खाऊ लागला, तेव्हा शेजारच्या रडकुंडीला आलेल्या व्यापाऱ्यालाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. त्यानं छत्री उगारली होती.

"दैव काय बिघडवणार रे? त्याचं निम्मं काम आपणच घाबरून करून ठेवतो," हे त्यांचं नेहमीचं. मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो आणि मला ते वाक्य फार आवडे. वाक्यं आवडायला काय जातं?

लॅटिनची पुस्तकं बाळकुमच्या बाजूला एका म्हाताऱ्या पाद्र्यांकडे होती. दर शनिवारी आम्ही दोघे तिकडे चालत जात असू. पाद्रीबाबा भला माणूस. आमची अडचण ओळखून ते पाणीसुद्धा पुढे करीत नसत. मास्तर घरून नेलेल्या तांब्यातलंच पाणी पीत. तीन वर्षांत त्यांनी तिथलं काहीही तोंडात घातलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मास्तरांच्या मुलीचं कल्याणला ठरलं आणि लगेच कुजबुज उठली, मास्तर पाद्र्याकडे चहा-बिस्किटं खातात. मुलाकडच्यांनी लग्न अडवून धरलं. जातीतले चार वडीलधारे मास्तरांच्या ओटीवर जमले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही खात नाही, याला साक्षीला कोण? मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो. 'मी बरोबर असतो' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं, तर मीही बाटलेला ठरलो असतो. माझंही लग्न व्हायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी नाही," ते म्हणाले.

मग प्रायश्चित्त घ्या, लग्नाची वाट मोकळी होईल, असं ठरलं. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिशा उतरवल्या आणि पंचगव्य घेतलं, न केलेल्या पापाचं. त्यावर कल्याणहून निरोप आला: प्रायश्चित्त घेतलं, म्हणजे खाल्लं होतंच. सोयरीक मोडली. आग लागो असल्या शहाणपणाला!

मुलगी पुढे चाळिशी उलटलेल्या बिजवराला दिली. मास्तरांनी बाळकुमला जाणं सोडलं. माझं लग्न झालं, तेव्हा नव्या बायकोला घेऊन मी त्यांच्या पाया पडायला गेलो आणि मला रडूच कोसळलं. मास्तर, मी त्या दिवशी घाबरलो, असं कसंबसं म्हणालो. ते रागावले असते, तर बरं झालं असतं.

"घाबरलो तर मीही," ते शांतपणे म्हणाले. "मी पोरीसाठी घाबरलो. तू कोणासाठी घाबरलास?"

मी वहाणा घातल्या आणि बायकोला घेऊन निघालो.