एकमताने निळा

वामन तळेकरने मधुमेहावर विजय मिळवला. हे मी म्हणत नाही. लालबागला आमच्या चाळीच्या पटांगणात महिन्यापूर्वी शोकसभा झाली, तिने तसा ठराव केला आणि तो एकमताने मंजूर झाला. अध्यक्ष बाहेरचे होते. ते वामनला सारखे 'डॉक्टर तळेकर' म्हणत होते. वामन डॉक्टर नव्हता, कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. मग गणूकाका कुबड्या सावरत उठले आणि म्हणाले, "वामनाच्या औषधान माका गुण इलो." टाळ्या पडल्या... शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गणूकाकांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, हेही नाही.

वामन गेला तोही फारसा गाजावाजा न करता. कॉलेजातून आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी दादरला शाळेत वर्गावर होतो. शिपायाने दारातूनच खूण केली, आणि का कोण जाणे, मला वामनच आठवला.

आमच्या खोल्या शेजारी शेजारी. त्याचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या मोरीला मुंग्या लागू लागल्या तेव्हा त्याचा अर्थ, लघवीतून साखर जातेय हा, कुणाला कळला नाही. कळला तोवर वडील गेले होते. त्यानंतर वामन जेवला तो गणूकाकांच्या घरी. काका चाळीतलेच, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, आवाज खणखणीत, माया त्याहून मोठ्याने करणारे. पुढे त्यांनाही साखर झाली आणि रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घ्यायला ते परळच्या इस्पितळात जाऊ लागले. वामनच्या डोक्यात औषधाने घर केलं ते तिथून. जांभळाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढायचा आणि स्पिरिट उडवून टाकायचं. दारूबंदीचे दिवस. स्पिरिटचा वास गॅलरीत पसरला तेव्हा अर्क घ्यायला निम्मी चाळ तयार झाली. स्पिरिट उडून जातं हे कळल्यावर पाच जण उरले. ते खरोखरच मधुमेही होते. त्यांत गणूकाका पहिले.

दर रविवारी सकाळी पाच बाटल्या गॅलरीतल्या टेबलावर यायच्या. काचेच्या नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि ते दिव्यावर उकळायचं. विटकरी झालं तर साखर भरपूर, निळंच राहिलं तर साखर नाही. पहिल्या रविवारी पाचही नळ्या विटकरी. दुसऱ्या रविवारीही. वामनचा चेहरा उतरला, तो सगळ्यांनी पाहिला. तिसऱ्या रविवारी पाचही नळ्या निळ्या.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मोर्चा म्हटला की अख्खी चाळ बाहेर पडे आणि एकच घोषणा एका सुरात देई. त्याच सुरात आता "वामनाचं औषध पास!" सुरू झालं. सत्काराला चळवळीतले एक पुढारी आले. परदेशी सुईला मराठी जांभळाने दिलेलं उत्तर, असं काहीतरी ते बोलले. मुंबईसह जांभूळ मिळालंच पाहिजे, एवढंच म्हणायचं राहिलं. वामन हारात मान घालून अवघडून उभा होता. पण निळा रंग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्या रंगावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्याने गणूकाकांची सुई बंद केली.

काही आठवड्यांनी काकांच्या पायाला वहाण चावली. जखम चिघळली, काळी पडली. इस्पितळात दाखल केल्यावर तिथली नळी विटकरी झाली. वामन म्हणाला, यांचं काहीतरी चुकतंय. आपलं सामान घेऊन गेला आणि खाटेशेजारी स्वतः नळी उकळली. विटकरी. मी बाजूला उभा होतो.

"काका, आठवड्यापूर्वी निळा होता ना हो?"

काका छताकडे बघत म्हणाले, "अरे झिला, पयल्यांदा लाल इला तेवा तुजा तोंड बगवत नाय होता. मगे आमी सगळ्यांनी बसान ठरयला. सख्याचा भरून दिला."

"सखाराम पैलवानाचं? पाचही बाटल्या?"

"पैलवान आसा तो."

नंतर कळलं, सखाराम शनिवारी तांब्याभर पाणी जास्त पीत असे. चाळीचं काम म्हणून.

"काका, पाय जाईल तुमचा," वामन म्हणाला.

"जाव दे. तुजा औषध पास झाला ना?"

वामनने नळी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. परळहून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. चाळीच्या दारात तो थांबला आणि म्हणाला, "पाच जणांत एक जण तरी खरं मुतला असता रे..." हे छापताना संपादकांनी शब्द बदलला तर माझा इलाज नाही, वामनने तोच वापरला होता.

तो कुणावर ओरडला नाही. सगळे भेटायला आले, सगळ्यांना चहा मिळाला. प्रत्येक जण म्हणाला, तुझ्यासाठीच केलं. ते खरंही होतं, म्हणून तर त्याला भांडता येईना. शत्रूने फसवलं असतं तर निदान चीड तरी आली असती. चौथ्या-पाचव्या रविवारी नळ्या कदाचित हिरवट, म्हणजे साखर थोडी कमी, झाल्या असत्या, कदाचित नसत्या. जांभळाच्या बीत काही आहे की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच चाळीने त्याला कळू दिलं नाही. त्यानंतरही दर रविवारी तो नळ्या मांडून गॅलरीत बसे. जाणारे-येणारे चौकशी करत. बाटली कुणी आणली नाही. त्यानेही मागितली नाही.

महाराष्ट्र झाला, त्याच पटांगणात पेढे वाटले गेले. वामनने आपला पेढा हातातच धरून ठेवल्याचं मला आठवतं.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो होतो. टेबल अजून गॅलरीतच आहे. नळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या. वहिनी म्हणाल्या, रविवार आला की हात आपोआप तिकडे जातो. तेवढ्यात कुबड्यांचा आवाज आला. गणूकाका. त्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आज माजीच आसा," ते म्हणाले. "खरी. त्याची आण."

आदल्याच आठवड्यात साखर वाढली म्हणून इस्पितळाने त्यांच्या सुईचं माप वाढवलं होतं, हे मला त्यांनीच दोन दिवसांपूर्वी जिन्यात सांगितलं होतं. वहिनींनी दिवा पेटवला. नळी चिमट्यात धरली, अगदी वामनसारखी, किंचित तिरकी. आम्ही तिघेही बघत राहिलो. द्रावण उकळलं, वहिनींनी नळी उजेडाकडे धरली.

निळा. अगदी स्वच्छ निळा.

सखाराम पैलवानाची प्रकृती अजून उत्तम आहे.