तारांखालचं तेल

गावात कोणी भेटलं की हमखास म्हणायचं, "सासूच्या हातानं वाचली बरं तुही पोट्टी." मी मान हलवायचे. मान हलवून हलवून मानेचा काटा ढिला व्हायची वेळ आली होती. आमच्या वडनेरला एखादी गोष्ट एकदा ठरली की ठरली, मग ती खोडायला कोणी जात नाही आणि गेलं तरी त्याचं कोणी ऐकत नाही. यंदापासून मी मान हलवणं बंद केलं.

पोरगी तेव्हा बालवाडीत जात होती. तोंडाचा पट्टा असा की वावरात मिरची तोडायला आलेल्या बाया म्हणायच्या, "दम घे ना वं माय, आमाले बी बोलू दे." तिला ताप आला. उतरेल म्हणून बघितलं, तर दुसऱ्या सकाळी हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि सरळ सांगितलं, इथं थांबू नका, बुलढाण्याला न्या. मोताळ्याच्या पुढे घाट लागला तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. डोळे उघडे होते, पण मी तिला दिसत नव्हते. मी हाका मारत होते आणि ती गाडीच्या टपाकडे बघत होती.

तिथल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात तिला आत घेतलं. मेंदूज्वर म्हणाले. तोंडात नळी घातली, झोपेचं औषध चालू केलं. मग एक माणूस आला. त्यानं तिचे केस शाम्पूनं स्वच्छ धुतले, जागोजागी भांग पाडले आणि डोकंभर पेस्ट लावून बारीक बारीक तारा चिकटवल्या. तारा एका पडद्याला जोडल्या आणि पडद्यावर रेघा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून नीट समजावलं, एवढं कबूल करते. म्हणाल्या, "औषधामुळे अंग शांत आहे, पण आत मेंदूत झटके चालू राहू शकतात. ते बाहेरून दिसत नाहीत, फक्त या रेघांमध्ये दिसतात. दिसले की लगेच औषध वाढवायचं. जेवढा जास्त वेळ चालतील, तेवढं मेंदूचं नुकसान."

मी एकच विचारलं, ही परत बोलेल का?

"रेघा बघत राहू. एक-दोन दिवसांनी अंदाज सांगता येईल. आज नाही सांगता येणार."

माझा दीर तिथेच उभा होता. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी भेंडवळला जाऊन पाऊस किती, पीक कसं, हे भाकीत ऐकून येणारा माणूस तो. त्याला 'अंदाज' हा शब्द चालत नाही. म्हणाला, "मॅडम, थेट सांगा, हाव का नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही सांगता येत. झालं. ते 'नाही' घेऊन हा बाहेर गेला, गावाकडे फोन लावला, आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या गल्लीला माहीत झालं की डॉक्टरनं जवाब दिला, पोरगी हातची गेली. पोरगी आत श्वास घेत होती आणि गावात बायांनी चुली थंड ठेवल्या होत्या.

सासूबाई ते ऐकूनच निघाल्या. नातीचं शेवटचं तोंड बघायला म्हणून आल्या त्या, रडत रडत, आणि पिशवीत एरंडीच्या तेलाची बाटली घेऊन. हे तेल त्या घरी काढतात. बांधावरच्या एरंड्या वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळून वरचं तेल काढायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराची टाळू त्याच तेलानं भरली आहे. ताप डोक्यात चढला की तेल थापायचं, गरमी खेचून घेतं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

दुपारी भेटायची वेळ होती, एकालाच आत सोडत. मला औषधं आणायला खाली पाठवलं होतं, म्हणून त्या गेल्या. नर्सनं त्यांना बजावलं, मशीनला हात लावायचा नाही, तारांना हात लावायचा नाही. सासूबाईंनी ते अक्षरशः पाळलं. एकाही तारेला धक्का लागू दिला नाही. तारांच्या मधून बोटं घालून, अलगद, भेटीचा सगळा वेळ त्यांनी नातीच्या डोक्यात तेल जिरवलं. डोकं काही मशीन नव्हतं ना. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. खाली जाऊन पायरीवर बसल्या आणि दिराला म्हणाल्या, "थंडं करून आली मी लेकराचं डोकं." हे मला नंतर कळलं.

त्या दुपारी आत दुसऱ्या एका बाळाची हालत बिघडली आणि सगळे तिकडे धावले. आमच्या पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. नर्सला वाटलं, तार सैल झाली असेल, तारावाला संध्याकाळी येतो, तो बघेल. तो आला तेव्हा अर्ध्या तारा उशीवर पडलेल्या होत्या आणि उशी पिवळी झाली होती. मला आत बोलावलं. तो कपाळावर आठ्या घालून दोनदोनदा केस धूत होता, तेल काही सुटत नव्हतं. शेवटी तारा बसल्या, रेघा आल्या, आणि डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून औषधाकडे धावल्या. मला रेघा वाचता येत नाहीत. त्यांची पळापळ मात्र वाचता आली.

सगळं शांत झाल्यावर मी विचारलं, आत झटके किती वेळ चालू होते?

"ते आता कोणालाच सांगता येणार नाही. आणि तेलामुळेच नुकसान झालं असंही मी म्हणणार नाही. आजारच मोठा आहे. तारा नीट असत्या तर लवकर कळलं असतं, इतकंच."

इतकंच. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. तारांना हात लावू नका हे सांगायला तुम्हाला तोंड आहे, मग डोक्याला तेल लावू नका हे काऊन नाही सांगत? या मुलखात आजारी लेकराच्या डोक्याला तेल न लावणारी म्हातारी दाखवा मला एक. आणि म्हातारीचा राग तर असा की तिच्या हाताचं पाणी प्यावंसं वाटेना. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मायले नको सांगू. मरून जाईन ते." झालं, मायची काळजी मिटली. माझी कोण करणार?

पोरगी घरी आली. पाय ओढत चालायची, हातात दिलेला घास तोंडात घालायची, पण बोलणं गेलं. एक शब्द नाही. गावानं आपला हिशोब लावला: डॉक्टरनं जवाब दिला होता, आजीनं तेल लावलं, पोरगी उठली. बाया वाटी घेऊन तेल मागायला यायला लागल्या. सासूबाईही देत, वर सांगत, "तारायच्या मधात लावलं म्या, देवानं ऐकलं." मी शेजारी बसून भाजी निवडायचे. जीभ चावून चावून मी ते दिवस काढले.

पोरीला बोलायला शिकवायला मी एक दिवस सोडला नाही. सकाळी तिला समोर बसवायचे, तिचा हात माझ्या छातीवर ठेवायचे आणि म्हणायचे, आई. म्हण, आई. ती माझ्या ओठांकडे बघत राहायची. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी तिनं तोंड उघडलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, दारातून येणाऱ्या सासूबाईंकडे, आणि स्पष्ट म्हणाली, "आजी."

घर नुसतं वेडं झालं. सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं, दिरानं पेढे आणले. मी मागच्या अंगणात जाऊन धुणं आपटत बसले. मला आनंद झाला नाही असं नाही. पण चीड जास्त आली, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून तिच्याजवळ तो एकच शब्द आहे. भूक लागली, पाय दुखला, पोपट दिसला, सगळ्याला आजी. आणि हाक आली की म्हातारी असेल तिथून उठून यायची.

यंदा शेजारच्या बांगड्यावाल्यांच्या नातवाला तसाच ताप, तसेच झटके. तोच दवाखाना, डोक्याला तशाच तारा. त्याची आई कपडे न्यायला घरी आली आणि आधी आमच्या दारात. म्हणाली, "अम्मा, थोडं तेल द्या ना. भेटीच्या टायमाला लावून देते." सासूबाई लगबगीनं बाटली भरायला लागल्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, देऊ नका."

"काऊन वं?"

मग मी सांगितलं. तिच्यासमोरच सांगितलं, पोराचा जीव होता, कोपऱ्यात नेऊन सांगायला वेळ नव्हता. तेलानं तारा निसटल्या, दुपारभर आत काय चाललं ते कोणाला दिसलं नाही, सगळं. तेलामुळेच झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्यांनी बाटली खाली ठेवली. पदराला हात पुसत राहिल्या. "माह्या हातानं झालं का वं हे?" एवढंच म्हणाल्या.

शेजारचं पोरगं बरं होऊन आलं, गल्लीभर ओरडत फिरतं. मी बोलले ते चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

पण सासूबाईंनी आपली खाट घराच्या दिराकडल्या भागात नेली. पोरीला हात लावत नाहीत. ती दिसली की तोंड फिरवतात. मी जाऊन म्हटलं, "आत्याबाई, लेकरू बोलवून राह्यलं तुमाले." तर म्हणाल्या, "नको आणू तिले माह्याजवळ." पोरगी मधल्या भिंतीपाशी जाऊन बसते आणि हाका मारत राहते. मी तिला उचलून आणते, समोर बसवते, तिचा हात माझ्या छातीवर ठेवते. म्हणते, मी आहे ना, आई आहे ना इथं. ती माझ्याकडे नीट बघते, ओळखीचं हसते आणि मला म्हणते, "आजी."