पखवाजामागचा स्पीकर

बहारीनमधल्या गुदैबियातल्या आमच्या खोलीत ऐंशीनंतरची काही वर्षं गणपती बसायचा आणि त्याच्यापुढे आम्ही चौघे भजन करायचो. चौघेही पन्नाशीचे, मालवणकडचे. मी बुवा, म्हणजे गाणारा आणि पेटी वाजवणारा. तापट म्हणून प्रसिद्ध.

तोवर भजनात माइक आले होते, स्पीकर आले होते. एकाने तर बटणांचा कीबोर्ड आणायची गोष्ट काढली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, यंदा जुनं भजन. आपल्या बापांनी देवळात केलं तसं. पेटी, पखवाज, टाळ आणि गळा. बाकी सगळं बाहेर.

दोघे टाळकरी खूष झाले. पखवाजी मात्र नाही. तो हिद्दला जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात होता. बारा वर्षं जहाजांच्या लोखंडी टाक्यांत उतरून गंज ठोकून काढत होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावता लावता, मान वर न करता तो म्हणाला, "बुवा, माझ्या पाठीकडचो एक स्पीकर तरी रवांदे."

"म्हातारपणी ही हौस खंयची?" मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं.

तालमीत तो माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचा. मला वाटायचं, आदर. मी मनातून सुखावायचो, खोटं कशाला सांगू?

चतुर्थीला मात्र मी जुन्या रीतीने मूर्तीकडे तोंड करून बसलो. तो माझ्या मागे. गजर चढला, खोली भरून गेली. मी हात वर करून थांबलो, टाळ थांबले आणि पखवाज वाजतच राहिला. डोळे मिटून, रंगात. लोक हसले. मी मागे वळून खेकसलो. त्याने डोळे उघडले, सगळे हसताना पाहिले आणि तोही हसला.

आरतीला आलेला त्याचा फोरमन हसला नाही. तो उठून त्याच्या पाठीमागे गेला आणि जोरात टाळी वाजवली. पखवाजी वळला नाही.

आठवड्यात मेडिकल झालं. अनफिट. व्हिसा कॅन्सल, खलास. गावी सहा माणसं त्याच्या एकट्यावर होती. ज्या कामाने कान नेले त्याच कामावरून त्याला काढलं. मला भयंकर संताप आला, पण तो फोरमनवर काढायलाही तोंड नव्हतं. स्पीकर मीच बाहेर ठेवला होता.

जायच्या दिवशी सकाळी तो पखवाज घेऊन आला. कणीक लावली. मला दंडाला धरून वळवलं, माझ्या पाठीला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "म्हण."

मी तोच गजर म्हटला. एक थाप चुकली नाही. मी थांबलो, तोही थांबला.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "असा होता तर आधी सांगूक काय झाला तुका?"

"सांगललंय मां," तो म्हणाला. "पाठीकडचो स्पीकर रवांदे म्हणान."

मग त्याने ओली कणीक खरवडून काढली आणि पखवाज माझ्याकडे ठेवून गेला. आमच्यात तो वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं.